मुंगीला पंख फुटले, पुढे काय झाले?

मृगाचे पहिले एक-दोन पाऊस पडून गेलेले असतात. नवतप्यात तापलेली काळी माती निवू लागलेली असते, वारा पडलेला असतो आणि संध्याकाळी दिवा लावला की खिडकीच्या जाळीवर पंखांची झुंबड उडते. नागपूरच्या दक्षिणेला हुडकेश्वरच्या बाजूला शेतांचे लेआउट पडून आता घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. तरी मधले काही प्लॉट अजून रिकामे आहेत, आणि त्या रिकाम्या जमिनीतून जे काही वर येते ते आसपासच्या दिव्यांवर जमते. सकाळी व्हरांडा झाडायला घ्यावा तर केरात निम्मे पंखच. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, मुंगीला पंख फुटले की समजावे, तिचा मरणकाळ जवळ आला.

ही म्हण आम्ही आठवीच्या वर्गात सांगितली. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, सगळ्याच मेल्या तर पुढच्या वर्षी मुंग्या येतात कुठून?"

प्रश्न साधा आहे, पण विज्ञानाला त्याचे खात्रीचे उत्तर मिळायला १८७७ साल उजाडावे लागले. तोपर्यंत दुर्बिणीतून युरेनस आणि नेपच्यून सापडले होते, आगगाड्या धावू लागल्या होते आणि डार्विनचे पुस्तक येऊन अठरा वर्षे झाली होती. पण दर पावसाळ्यात दिव्याखाली पडणारी ही पंखवाली मुंगी पुढे काय करते, याबद्दल विद्वानांचे एकमत नव्हते. असे का झाले असावे, हे पाहणे मोठे बोधक आहे.

आधी केराकडे नीट पाहू. दिव्याखाली सापडलेले सगळेच पंखवाले जीव मुंग्या नसतात. त्यांत वाळवी, म्हणजे उधई, पुष्कळ असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर मुळीच नसते आणि स्पर्शिका मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर बारीक आणि स्पर्शिका हाताच्या कोपरासारखी वाकलेली. हा फरक मुलांना एकदा भिंगातून दाखवला की ती तो विसरत नाहीत. मग मुंग्यांतही दोन प्रकार दिसतात. लहान डोक्याचे, सडपातळ ते नर. थोराड, भरल्या छातीच्या त्या माद्या, म्हणजेच होऊ घातलेल्या राण्या. कधीकधी शेंगेसारखा लांबट, तपकिरी, केसाळ, गांधीलमाशीसारखा वाटणारा एखादा मोठा कीटक दिव्यावर आपटत राहतो. तो डोरायलस या मुंग्यांचा नर. त्याच्या जातीची राणी कधी उडतच नाही, तिला पंखच नसतात. म्हणून त्याला नळीत घालून वारूळ सुरू होण्याची वाट पाहू नये!

आता इतिहास. फार पूर्वीपासून लोक मुंगीच्या वारुळातल्या पांढऱ्या गोळ्यांना 'मुंगीची अंडी' म्हणत आले. आजही आपण म्हणतो. हॉलंडमधल्या लेव्हेनहुकने १६८७ साली आपल्या भिंगांखाली दाखवून दिले की ते गोळे अंडी नसून कोष आहेत. खरी अंडी त्याहून कितीतरी बारीक असतात. म्हणजे मुंगीचे जीवनचक्र अंडी, अळी, कोष, प्रौढ असे ठरले. पण अंडी घालते कोण? मधमाश्यांच्या पोळ्यात एक मोठी माशी असते आणि ती राजा नसून मादी आहे, हे त्याच शतकात समजले होते. मुंग्यांतही असेच काही असावे असा तर्क होता. फ्रान्समधल्या रेओम्यूरने १७४२-४३ च्या सुमारास मुंग्यांवर एक सुंदर हस्तलिखित तयार केले. पंखवाल्या मुंग्या म्हणजे नर व माद्या, आणि हवेतले ते उड्डाण म्हणजे त्यांचा विवाहसोहळा, हे त्यात स्पष्ट आहे. पण हस्तलिखित छापलेच गेले नाही. ते १९२६ साली अमेरिकेतल्या व्हीलर या मुंगीतज्ज्ञाने प्रसिद्ध केले. दरम्यान इंग्लंडमधल्या विल्यम गूल्ड या पाद्र्याने १७४७ साली इंग्लिश मुंग्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात वारुळातल्या मोठ्या मादीला राणी म्हटले.

यानंतरचे मोठे नाव जिनिव्हाच्या प्येर ह्यूबरचे. त्याचे वडील फ्रान्स्वा ह्यूबर हे आंधळे असूनही मधमाश्यांचे थोर अभ्यासक होते. मुलाने मुंग्या घेतल्या. १८१० सालच्या पुस्तकात त्याने सांगितले की मीलन झालेली मादी जमिनीवर उतरते, पंख पुढे ओढते, आडवेतिडवे करते आणि ते गळून पडतात. ती स्वतःचे पंख स्वतःच काढून टाकते. केरात सापडणाऱ्या पंखांचा उलगडा इथे झाला. मग ह्यूबरने अशा काही माद्या ओलसर मातीच्या भांड्यात ठेवल्या. त्यांनी मातीत खोल्या केल्या, अंडी घातली, अंड्यांची काळजी घेतली, अळ्या चांगल्या मोठ्या झाल्या आणि मग मेल्या. का मेल्या? ह्यूबरने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की त्याच्याच हयगयीमुळे मेल्या.

म्हणजे उत्तर हाताशी आले होते आणि निसटले. नंतरच्या एका फ्रेंच ग्रंथकाराने तर ह्यूबरचा हवाला देऊन लिहून टाकले की एकट्या मादीने पिले वाढवलेली ह्यूबरने पाहिली होती. ह्यूबरने तसे म्हटलेच नव्हते. एकाने पाहिलेले दुसऱ्याने वाढवून सांगितले आणि तिसरा ते पुस्तकातून शिकला, हा प्रकार आपल्या पाठ्यपुस्तकांनाही अपरिचित नाही.

ह्यूबरनंतरच्या काळात मुंग्यांकडे बारकाईने पाहणारा एक माणूस आपल्याकडेच होता, पुण्यात. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारच्या सैन्यातला अधिकारी. १८२४ सालापासून त्याच्याकडे दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम होते. जमीन, पिके, लोकसंख्या मोजता मोजता तो पक्षी, मासे आणि मुंग्याही टिपून ठेवत असे. १८३० च्या दशकात लंडनच्या कीटकशास्त्रीय सोसायटीपुढे त्याने पुण्याच्या मुंग्यांची जी हकीकत मांडली, ती पुढे शंभर वर्षे पुस्तकांतून फिरत राहिली.

त्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात एका मेजावर गोड पदार्थ ठेवलेले असत. मुंगळे येत. मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यात ठेवले, तरी मुंगळे पोहोचले. टर्पेंटाइन लावून पाहिले. मेज भिंतीपासून थोडे दूर सरकवले. तरी मुंगळे ताटात! शेवटी साइक्सने एका मुंगळ्यावर नजर ठेवली. तो भिंतीवर चढला, मेजाच्या वर फूटभर उंचीवर थांबला आणि तिथून त्याने खाली ताटात स्वतःला सोडून दिले. साइक्सने या जातीला नावच 'न थकणारी' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. ज्यांच्या घरात साखरेचा डबा परातीतल्या पाण्यात ठेवला जातो, त्यांना यात नवल वाटणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मुंगी धान्य साठवते असे बायबलमध्ये म्हटले आहे आणि आपल्याकडेही ते सर्वांना ठाऊक आहे. पण गूल्ड आणि ह्यूबर यांनी आपापल्या थंड प्रदेशात पाहिले तेव्हा त्यांना कोठारे दिसली नाहीत, आणि युरोपातल्या पंडितांनी ठरवून टाकले की जुन्या लोकांनी कोषांनाच धान्य समजून गफलत केली. साइक्सने पुण्याच्या कवायतीच्या मैदानाजवळ पाहिले ते वेगळेच होते. मोठ्या डोक्याचे शिपाई असणाऱ्या एका बारीक मुंगीने गवताच्या बियांचे ढीगच्या ढीग बिळाबाहेर आणून टाकले होते. पावसाळ्याच्या शेवटच्या वादळी सरींनी कोठारे भिजली होती आणि मुंग्या ती उन्हात वाळवत होत्या. या मुंगीचे आजचे शास्त्रीय नाव फेडोले प्रॉव्हिडेन्स, म्हणजे पुढचा विचार करणारी. युरोपात ही गोष्ट पुरती मानली जायला १८७३ साल यावे लागले, तेव्हा मॉग्रिज नावाच्या अभ्यासकाने भूमध्य समुद्राच्या काठी अशी कोठारे उकरून दाखवली. इंग्लंडमध्ये दिसत नाही म्हणून जगात नाही, असे म्हणणे पुण्याच्या एका मैदानाने खोटे पाडले होते.

राणीचा प्रश्न मात्र साइक्सने विचारला नाही. त्याच्या बंगल्यातल्या दिव्यांवर दर जूनमध्ये त्या पडतच असणार.

आता १८७६ साल. लंडनजवळच्या हाय एल्म्स या घरी सर जॉन लबक राहत होते. धंद्याने बँकर, पार्लमेंटचे सभासद; इंग्लंडमध्ये बँकांना सुट्टी देणारा १८७१ चा कायदा त्यांनीच आणलेला. लहानपणी त्यांच्या शेजारी डार्विन राहायला आले आणि मुलाला निरीक्षणाची गोडी लागली. लबक यांनी मुंग्यांसाठी एक साधी सोय केली होती. काचेच्या दोन तावदानांमध्ये मुंगीच्या उंचीपेक्षा जरा जास्त फट, फटीत माती, वरून झाकण. झाकण उचलले की वारुळाचा संसार उघडा. ही घरटी एका खांबावर थरावर थर बसवलेली आणि भोवती पाण्याचा चर. पुण्यात साइक्सने मुंग्या आत येऊ नयेत म्हणून पाणी लावले. लबक यांनी त्या बाहेर जाऊ नयेत म्हणून. गंमत अशी की लबक यांच्या इंग्लिश मुंग्या अगदी थोड्या उंचीवरूनही खाली उडी टाकत नसत. लांबच्या वाटेने वळसा घालून जात. पुण्याच्या मुंगळ्याने त्यांचा चर किती दिवस मानला असता, कोण जाणे.

लबक यांनी प्रश्न नेमका मांडला. उड्डाणानंतर नवी राणी तीनच गोष्टी करू शकते. एक, आपल्या किंवा दुसऱ्या जुन्या वारुळात शिरेल. दोन, काही कामकरी मुंग्यांना सोबत घेऊन त्यांच्या मदतीने नवे घर मांडेल. तीन, एकटीच सुरुवात करेल. आजवरच्या लेखकांनी यातले एकेक उत्तर आपापल्या मताप्रमाणे निवडले होते. सिद्ध कुणीच केले नव्हते.

१४ ऑगस्ट १८७६ रोजी लबक यांना बागेत मिर्मिका जातीच्या लाल मुंग्या उडताना दिसल्या. त्यांनी नर-मादीच्या दोन जोड्या पकडल्या आणि ओली माती, अन्न व पाणी देऊन वेगळ्या ठेवल्या. कामकरी मुंगी एकही नाही. हिवाळा गेला. एप्रिलमध्ये एक नर मेला, मेच्या मध्यावर दुसरा. (नर उड्डाणानंतर लवकरच मरतात हे आपण वाचतो, हे दोघे बंदिवासात आठ-नऊ महिने जगले!) १२ ते २३ एप्रिलच्या दरम्यान पहिली अंडी दिसली. जूनच्या पहिल्या आठवड्यात अळ्या बाहेर आल्या. २७ जूनला पहिली अळी कोषात गेली. २२ जुलै १८७७ रोजी पहिली कामकरी मुंगी जन्मली, आणि तीन दिवसांनी लबक यांनी झाकण उचलून पाहिले तर ती आपल्या धाकट्या भावंडांना, म्हणजे अळ्यांना, तोंडात धरून इकडून तिकडे नेत होती.

पकडल्यापासून अकरा महिने झाले होते. एकटी राणी पिले वाढवू शकते, निदान या जातीत तरी, हे ठरले.

या प्रयोगाला लागले काय? माती, पाणी, काच. ह्यूबरकडे हे सगळे होते. लबक यांच्याकडे जास्तीचे होते ते म्हणजे दिनांक घालून लिहिलेली वही आणि राणीला तिच्या वेळेने जगू देण्याची तयारी. डिसेंबर १८७४ मध्ये पकडलेली दुसऱ्या एका जातीची राणी तर त्यांच्याकडे ऑगस्ट १८८८ पर्यंत जिवंत होती. तोवर मुंगी इतकी वर्षे जगते ही कल्पनाच नव्हती. पुढे युरोपातल्याच एका काळ्या बागमुंगीची राणी बंदिवासात अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद झाली. या सगळ्या काळात तिने घातलेली फलित अंडी त्या एकाच संध्याकाळच्या मीलनावर फलित झालेली असतात. नराचे शुक्राणू ती पोटातल्या एका छोट्या पिशवीत आयुष्यभर साठवून ठेवते.

एक कोडे तरी उरलेच. लबक यांनी आपल्या राण्यांना अन्न दिले होते. पण पुष्कळ जातींच्या राण्या, आपला मुंगळाही त्यांतलाच, जमिनीत एक कोठडी करतात, आतून दार लिंपून घेतात आणि पहिली पिले होईपर्यंत काहीच खात नाहीत. मग पिलांना भरवतात काय? याचे उत्तर फ्रान्समधल्या शार्ल जाने या इंजिनिअरने दिले. प्लास्टरची घरटी तयार करून मुंग्या पाळणारा हा माणूस. त्याची घरटी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली होती. त्याने वेगवेगळ्या वयाच्या राण्यांच्या छातीचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९०७ साली दाखवले की पंख गळाल्यावर ते पंख हलवणारे बळकट स्नायू हळूहळू विरघळून जातात. त्यांतून मिळणारे पोषण आणि शरीरातली चरबी राणीच्या तोंडावाटे अळ्यांच्या तोंडात जाते. ज्या स्नायूंनी ती आयुष्यात एकदा उडाली, तेच तिच्या पहिल्या लेकींचे अन्न. उपासमारीत वाढल्यामुळे या पहिल्या कामकरी मुंग्या नेहमीपेक्षा बुटक्या असतात. त्या दार फोडून बाहेर पडतात, अन्न आणतात, आणि राणी यापुढे फक्त अंडी घालते.

आता त्या तीन पर्यायांकडे परत. लबक यांचा तिसरा पर्याय खरा ठरला म्हणून पहिले दोन खोटे ठरले, असे विद्यार्थी लगेच म्हणतात. तसे झाले नाही. काही जातींत नवी राणी खरोखरच जुन्या वारुळात सामावून घेतली जाते. आपल्या स्वयंपाकघरात फिरणाऱ्या बारीक फॅरो मुंग्यांमध्ये एखादी राणी मूठभर कामकऱ्यांसह शेजारच्या फटीत वेगळी चूल मांडते. म्हणूनच औषध फवारले की त्या एकाऐवजी चार ठिकाणी दिसू लागतात. १९०४ साली व्हीलर यांनी चौथाच प्रकार उजेडात आणला. काही राण्या परक्या जातीच्या वारुळात घुसतात, तिथली राणी नाहीशी होते, आणि तिच्याच कामकऱ्यांकडून या आपली पिले वाढवून घेतात. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण ती इथेही चपखल बसते. आणि आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या डायाकामा या मोठ्या काळ्या मुंगीत तर राणीच नसते. तिथे सगळ्या कामकरी दिसायला सारख्या. त्यांच्यातली एक मीलन करते आणि इतर जन्मलेल्या बहिणींच्या छातीवरचे दोन लहानसे अवयव कुरतडून टाकते, म्हणजे त्यांना ते साधत नाही. हे कोडे १९८० च्या दशकाच्या शेवटी उलगडले. डायाकामाच्या वारुळात राणी शोधत बसणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही.

आपल्या देशात मुंग्यांची नोंद चांगली झाली, पण एका बाजूने. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांनी १८९२ साली 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. ते जमवलेल्या मुंग्या झुरिकला ऑगस्ट फोरेल यांच्याकडे पाठवत. फोरेल हे मनोरुग्णालयाचे प्रमुख आणि मुंग्यांचे जगन्मान्य तज्ज्ञ. दोन्ही कामे ते सारख्याच निष्ठेने करीत. १८९२ पासून त्यांची हिंदुस्थानातल्या मुंग्यांवरची लेखमाला याच नियतकालिकात येत राहिली. १९०३ साली बिंगहॅम यांचा मोठा ग्रंथ निघाला आणि आजही त्याला हात लावल्याशिवाय भारतीय मुंग्यांचे काम होत नाही.

हा ग्रंथ उघडला की एक गोष्ट लक्षात येते. अनेक जातींच्या नोंदीत फक्त कामकरी मुंगीचे वर्णन आहे. राणीचे नाही, नराचे नाही. कारण उघड आहे. संग्राहकाला जमिनीवर चालणाऱ्या कामकरी मिळतात. राणी दिव्यावर येते ती एकटी, आणि तिचे रूप आपल्या लेकींपेक्षा इतके वेगळे असते की ती कोणत्या जातीची हे सांगणे कठीण. गोम अशी की तिला जिवंत ठेवून तिच्याकडून पहिल्या चार कामकरी जन्मल्या, तर आई आणि लेकी एकाच नळीत, पुराव्यासह मिळतात. आज यासाठी डीएनए तपासता येतो, पण तो तपासणारी यंत्रे शाळेत नसतात. नळी असते.

राणी पकडण्याची आजची रीत तशी सोपी आहे. परीक्षानळीचा तिसरा हिस्सा पाण्याने भरायचा, पाण्याला टेकेल असा कापसाचा घट्ट बोळा बसवायचा, पुढच्या कोरड्या जागेत राणी सोडायची, तोंडाला दुसरा बोळा लावायचा आणि नळी काळ्या कागदात गुंडाळून ठेवायची. ओलसर, अंधारी, बंद जागा: तिच्या कोठडीची नक्कल. शक्यतो पंख गाळून जमिनीवर धावणारी राणी घ्यावी, कारण पंख असलेलीचे मीलन झाले आहे की नाही ते कळत नाही. वारूळ खोदून राणी काढण्याच्या फंदात पडू नये. तसे केले तर सापडते ती क्वचित, आणि वारूळ मात्र नक्की मरते.

याच नळीने अलीकडे वेगळे नाव कमावले आहे. अमेरिकेत १९५६ पासून मुलांसाठी काचेच्या चौकटीतली 'मुंग्यांची शेती' विकली जाऊ लागली. तिच्यात राणी नसे, फक्त कामकरी. त्यामुळे काही आठवड्यांत खेळ संपे. आता जगभर हौशी लोक राणीसकट वारूळ पाळतात आणि त्यासाठी राण्या विकत घेतात. एप्रिल २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांना सुमारे ५,००० राण्यांसह पकडण्यात आले. त्यांतल्या बऱ्याचशा धान्य साठवणाऱ्या मोठ्या लाल मुंग्यांच्या, म्हणजे साइक्सने पाहिलेल्या पुण्याच्या मुंगीच्या धंदेबंधूंच्या होत्या. २,२४४ नळ्या, प्रत्येकीत ओला कापूस. त्या महिना-दोन महिने जिवंत राहतील अशी तजवीज केलेली होती. मे महिन्यात न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा बारा महिने कैद अशी शिक्षा सुनावली. एवढ्याशा किड्यांसाठी एवढी शिक्षा कशाला, असे काहींना वाटले. पण गवताळ रानात एकेका अशा वारुळावर किती बियांची ने-आण अवलंबून असते याचा हिशेब केला, तर हे ५,००० किडे नव्हेत, ५,००० वारुळे आहेत. शाळेसाठी एक-दोन राण्या घेणे आणि परत तिथेच सोडणे ही वेगळी गोष्ट, आणि पोत्याने गोळा करून परदेशी पाठवणे ही वेगळी.

आमच्या वर्गाने काय केले ते सांगायचे राहिले. पहिल्या वर्षी, २०२३ च्या पावसाळ्यात, आम्ही हुडकेश्वरच्या एका रस्त्यावरच्या दिव्याखालून पाच राण्या आणल्या. दोन आठवड्यांत तिघी मेल्या. एकीने अंडी घातली. साहजिकच प्रत्येक तुकडीला ती पाहायची होती, आणि आम्हीही उत्साहाने दिवसातून चार-चार वेळा कागद काढून नळी उजेडात धरली. एका सकाळी अंडी नव्हती. राणीने ती खाल्ली होती. ह्यूबरचे वाक्य आम्ही त्या दिवशी पुन्हा वाचले.

पुढच्या वर्षी दोनच राण्या घेतल्या, दोन्ही मुंगळ्याच्या. एक पंख गाळलेली होती, दुसरीचे पंख अजून शाबूत होते आणि तिला घेऊ नये असे आमचे मत होते. पण पकडणाऱ्या मुलीने हट्ट धरला. तिने पहिल्याच रात्री नळीत पंख टाकले. नळ्या कपाटात, कागदात, आणि फक्त शनिवारी, तेही मिनिटभर, पाहायच्या असा नियम झाला. वही त्याच मुलीकडे. पंख गाळून आलेल्या राणीच्या नळीत बुरशी धरली आणि ती गेली. हिने पहिल्या शनिवारी सात अंडी घातलेली दिसली. तिसऱ्या शनिवारी अळ्या होत्या, पाचव्या शनिवारी तांदळाच्या दाण्यासारखे पिवळट कोष. सहावा शनिवार सुट्टीचा आला. सातव्या शनिवारी नळीत तीन कामकरी होत्या, आईच्या निम्म्याही नाहीत, फिकट तपकिरी. लबक यांना अकरा महिने लागले ते इंग्लंडच्या हिवाळ्यामुळे. नागपूरच्या उकाड्यात दोन महिनेही लागले नाहीत, हे मुलांनी स्वतःच शोधून काढले.

तोंडाकडच्या बोळ्यावर साखरपाण्याचा एक थेंब सोडला. एक कामकरी लगेच त्यावर आली. दुसरी आईजवळच थांबली. तिसरीने कोपऱ्यात पडलेल्या चार पंखांपैकी एक तोंडात धरला आणि ओढत ओढत नळीच्या दुसऱ्या टोकाला, कचऱ्याच्या जागी, नेऊन टाकला. मुलीने वहीत तारीख आणि वेळ लिहिली, आणि आम्ही कागद पुन्हा गुंडाळला.